ऑस्ट्रियाचे पेपर: सोय अव्वल, मालक मोजके

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. ऑस्ट्रियात पेपर वाचायची सोय: पाचपैकी पाच. पेपर, सरसकट धरले तर: तीन. सगळ्यात जास्त खपणारा पेपर: दोन, आणि त्यातला एक तारा प्राण्यांच्या पानासाठी.

मी व्हिएन्नात राहते आणि यंत्रांच्या मॅन्युअल्सची भाषांतरं करून पोट भरते. दिवसभर बोल्ट, वॉशर आणि 'झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा खंडित करा' वाचल्यावर संध्याकाळी माणसांनी माणसांबद्दल लिहिलेलं काहीतरी जर्मन लागतं. त्यातून हे पेपरचं व्यसन लागलं. देश जेमतेम नव्वद लाख वस्तीचा, त्यामुळे सगळे पेपर ओळखीचे व्हायला फार वेळ लागत नाही. त्यांचे मालक ओळखीचे व्हायला तर त्याहून कमी.

सोयीपासून सुरुवात करू, कारण तिथे मला तक्रारीला जागा सापडत नाही. व्हिएन्नातल्या जुन्या कॅफेत ताजे पेपर ग्राहकांसाठी मांडून ठेवलेले असतात. माझा अड्डा म्हणजे १८८० सालचं काफे श्पेर्ल. तिथे बिलियर्डची टेबलं आहेत आणि त्यातल्या एकावर खेळायच्या ऐवजी पेपर पसरलेले असतात. प्रत्येक पेपर लाकडी दांड्यात अडकवलेला. दांडा लांबीत चिरलेला असतो, त्या फटीत पेपरची घडी बसवायची आणि टोकाचा स्क्रू आवळायचा. काही कॅफेंत दांड्याऐवजी वेताची चौकट असते. दिसायला अगदी साधी वस्तू, पण पानं सुटत नाहीत, कुणी फक्त खेळाचं पान काढून पळ काढू शकत नाही, आणि मोठ्या आकाराचा पेपर एका हातात पेलून दुसऱ्या हाताने कप उचलता येतो. दांड्याच्या टोकाला भोक किंवा आकडा असतो, वाचून झालं की परत टांगायचा. घरी वापरायला असा दांडा विकतही मिळतो. मी घेतला नाही. घरी तो मिरवायला समोर वेटर कुठे आहे?

एक मेलांज मागवायची, म्हणजे वर दुधाचा फेस असलेली कॉफी. पाच-सहा युरो पडतात. छोट्या धातूच्या ट्रेवर कॉफी, शेजारी पाण्याचा ग्लास. मग दोन तास बसा, तीन तास बसा, वेटर बिल आणून आपटत नाही. पाण्याचा ग्लास मात्र न सांगता बदलून जातो. तेवढ्या पैशांत पाच-सहा पेपर वाचून होतात, म्हणजे हिशेबाने कॉफी फुकटच. २०११ मध्ये व्हिएन्नाच्या या कॅफे-संस्कृतीची युनेस्कोच्या ऑस्ट्रियातल्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. पेपर आणि दांडे नसते तर ती झाली असती असं मला वाटत नाही. एक अलिखित नियम पाळावा लागतो: एका वेळी एकच पेपर. चार दांडे आपल्या टेबलावर रचून ठेवणाऱ्या माणसाकडे आजूबाजूचे ज्या नजरेने बघतात, ती नजर मी पाहिली आहे. आता नव्या धाटणीच्या कॅफेंत दांडे दिसेनासे झालेत, वायफायचा पासवर्ड भिंतीवर लावला की काम झालं असं त्यांना वाटतं. त्यांना माझ्याकडून शून्य.

रविवारची सोय आणखी मजेदार. शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे कुणीतरी येऊन रस्त्यावरच्या दिव्यांच्या आणि वाहतुकीच्या खांबांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून जातं. पिशवीत पेपरचा गठ्ठा आणि बाजूला फटीचा छोटासा गल्ला. पैसे टाकायचे, पेपर घ्यायचा. बघायला कुणी नाही. किती लोक पूर्ण पैसे टाकत असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. आमच्या चौकात एक गृहस्थ खिशातून अगदी बारकं नाणं काढून मोठ्या थाटात गल्ल्यात सोडतात. आवाज झाला पाहिजे, रक्कम गौण. तरीही दर रविवारी पिशव्या लागतातच. या धंद्याचा हिशेब वरवर विचित्र वाटतो, पण जाहिरातदाराला खप दाखवायचा असला की चोरीला गेलेला पेपरही वाचलाच गेलेला असतो. पावसाच्या रविवारी वरचा अंक घेऊ नका, खालून दुसरा ओढा.

आठवड्याचे बाकीचे दिवस पेपर मिळतो ट्राफीकमध्ये. ट्राफीक म्हणजे तंबाखूचं सरकारमान्य दुकान. १७८४ मध्ये सम्राट जोसेफ दुसऱ्याने तंबाखूची मक्तेदारी सरकारकडे घेतली, तिचीच ही आजची शाखा. परवाना देताना दिव्यांग व्यक्तींना प्राधान्य असतं. सिगारेट, पार्किंगच्या चिठ्ठ्या, लॉटरी, वाढदिवसाची कार्डं आणि पेपर, सगळं एका खोलीत. आमच्या ट्राफीकवाल्या बाई प्रत्येक गिऱ्हाइकाचा पेपर ओळखून असतात. मी एकदा नेहमीचा सोडून दुसराच उचलला तर त्यांनी "आज बरं नाही का?" असं विचारलं होतं.

आता मुख्य माल. 'क्रोनन त्साइटुंग', सगळ्यांच्या तोंडी नुसतं क्रोने. पेपरवरचा स्टँप-कर रद्द झाल्यावर लगेच, २ जानेवारी १९०० रोजी, पहिला अंक निघाला. महिन्याची वर्गणी एक क्रोन, म्हणजे तेव्हाच्या चलनातलं एक नाणं, म्हणून हे नाव. दुसऱ्या महायुद्धात बंद पडला. १९५९ मध्ये हान्स डिखांड यांनी तो पुन्हा उभा केला आणि पुढे २०१० मध्ये वारेपर्यंत हा माणूस देशातला सगळ्यात वजनदार पेपरवाला होऊन बसला. 'काटो' या टोपणनावाने लिहायचा. या शतकाच्या पहिल्या दशकात देशातल्या दर १० माणसांपैकी ४ जण रोज क्रोने वाचायचे. एवढ्या टक्केवारीने एकच पेपर वाचणारा देश युरोपात सापडणं कठीण होतं. आता आकडा बराच उतरलाय, पण पहिला नंबर कायम आहे.

वस्तू म्हणून बघितलं तर क्रोने उत्तम आहे, हे मान्य करावं लागेल. आकार लहान. भरलेल्या मेट्रोत शेजाऱ्याच्या नाकाला न लावता पान उलटता येतं. वाक्यं छोटी, मथळे ठसठशीत, जर्मन शिकणाऱ्याला वरदान. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या आजी तो मागच्या पानापासून पुढे वाचतात: आधी शब्दकोडं, मग हवामान, मग दत्तक घ्यायच्या कुत्र्या-मांजरांचे फोटो, मग वाचकांची पत्रं. राजकारणापर्यंत पोचेस्तोवर त्यांची कॉफी संपते. मी हेटाळणीने सांगत नाही. त्या प्राण्यांच्या पानामुळे कितीतरी म्हाताऱ्या कुत्र्यांना घरं मिळाली असतील, आणि रविवारची रंगीत पुरवणी त्या आठवडाभर जपून ठेवतात.

दोन तारे का मग? वाचकांच्या पत्रांचं पान वाचा म्हणजे कळेल. एका विषयावर एकाच सुरातली पत्रं ओळीने लागतात: परकीय, ब्रुसेल्स (म्हणजे युरोपियन युनियन), अणुवीज, परकीय. मी स्वतः त्या पत्रांतली 'परकीय' आहे, त्यामुळे माझं मत पूर्वग्रहदूषित धरा. पण या पानाची ताकद किती, ते जून २००८ मध्ये अख्ख्या देशाने पाहिलं. चॅन्सेलर, म्हणजे इथले सरकारप्रमुख, आल्फ्रेड गुझेनबाउअर आणि त्यांच्या पक्षाचे होऊ घातलेले अध्यक्ष वेर्नर फायमान यांनी जाहीर केलं की युरोपियन युनियनच्या करारांत यापुढे मोठे बदल झाले तर सार्वमत घेऊ. घोषणा कुठे केली? क्रोनेच्या प्रकाशकांना पाठवलेल्या पत्रात. सरकारातला दुसरा पक्ष खवळला, जुलैमध्ये त्याने युती मोडली, सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली आणि वर्ष संपायच्या आत फायमान चॅन्सेलर झाले. क्रोने त्यांच्या बाजूने होता, हे सांगायला नकोच.

हा पेपर आपल्या हातात असावा, असं पुढाऱ्यांना वाटतं यात नवल नाही. फक्त ते सहसा कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवत नाहीत. कडव्या उजव्या फ्रीडम पार्टीचे तेव्हाचे नेते हाइन्स-क्रिस्टियान श्ट्राखं यांनी दाखवलं. २०१७ च्या उन्हाळ्यात इबिझा बेटावरच्या एका बंगल्यात, समोर बसलेली बाई रशियन धनाढ्याची भाची आहे अशा समजात, तिने क्रोनेचा अर्धा हिस्सा घ्यावा आणि मग तिथली तीन-चार माणसं "झाक, झाक, झाक", म्हणजे पटापट, नोकरीवरून काढावीत, असा बेत ते रंगवत होते. छुपा कॅमेरा चालू होता. १७ मे २०१९ रोजी जर्मनीतल्या 'झ्युडडॉइचे त्साइटुंग' आणि 'श्पीगल' यांनी ते चित्रण छापलं आणि दाखवलं. दुसऱ्या दिवशी श्ट्राखं यांनी व्हाइस-चॅन्सेलरपद सोडलं. ऑस्ट्रियातली एवढी मोठी बातमी जर्मनीतून फुटावी, याचं इथल्या पत्रकारांना किती वाईट वाटलं, ते त्या आठवड्यातले पेपर वाचताना जाणवत होतं.

मालकीची वंशावळ आता थोडक्यात सांगते, कारण ती कळल्याशिवाय बाकीचं कळत नाही. १९८७ मध्ये क्रोनेचा जवळपास अर्धा हिस्सा एका जर्मन प्रकाशन समूहाने घेतला. १९८८ मध्ये क्रोने आणि त्याचा प्रतिस्पर्धी 'कुरीअर' यांनी मिळून 'मेडियाप्रिंट' काढली. छपाई, वितरण आणि जाहिराती एकत्र, संपादकीय खोल्या वेगळ्या. म्हणजे रविवारच्या खांबावर दोन पिशव्या शेजारी शेजारी लटकतात आणि गाडी एकच येते. २०१८ मध्ये बांधकाम व्यवसायातले रेने बेंको यांच्या झिग्ना समूहाने दोन्ही पेपरांत अप्रत्यक्षपणे जवळपास पाव-पाव हिस्सा घेतला आणि २०२३ च्या अखेरीस झिग्ना दिवाळखोरीत गेली. क्रोनेचे प्रकाशक क्रिस्टोफ डिखांड, हान्स यांचे चिरंजीव. मेट्रो स्टेशनवर फुकट मिळणारा 'हॉयटं' २००४ मध्ये निघाला, आणि तो अनेक वर्षं सांभाळणाऱ्या एफा डिखांड या क्रिस्टोफ यांच्या पत्नी. इथल्या माध्यमांचा नकाशा काढायला मोठा कागद लागत नाही.

फुकट पेपरांवर फार शब्द घालवणार नाही. हॉयटं आणि २००६ साली वोल्फगांग फेल्नर यांनी काढलेला 'ओस्टरराइश', दोन्ही तीन स्टेशनांत वाचून होतात आणि चौथ्या स्टेशनवर सीटवर सोडले जातात. त्यातले मथळे वाचून बातमी कळली असं वाटतं, आत गेल्यावर मथळाच थोडा मोठा करून लिहिलेला असतो.

पण फुकट पेपर चालतो कशावर, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. उत्तराचा मोठा भाग आहे सरकारी जाहिराती. मंत्रालयं, राज्यं, व्हिएन्ना महापालिका, सरकारी कंपन्या, सगळे मिळून वर्षाला २० कोटी युरोच्या आसपास जाहिरातींवर घालवतात. २०१२ पासून हे आकडे जाहीर करावे लागतात, त्यामुळे कुणाला किती गेले ते कुणीही बघू शकतं. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा: दर्जेदार पत्रकारितेला मदत म्हणून २०२४ पासून सुरू झालेली सरकारी योजना वर्षाला २ कोटी युरोची आहे. पहिल्या रकमेत मंत्र्याला कुठे किती ते ठरवता येतं, दुसरीला नियम आहेत. कुठला पैसा पेपरांना जास्त आवडत असेल?

ऑक्टोबर २०२१ मध्ये याच जाहिरातींवरून चॅन्सेलरच्या कार्यालयावर छापे पडले. आरोप असा की सरकारी पैशाने सोयीची सर्वेक्षणं करून घेऊन ती एका टॅब्लॉइडमध्ये छापून आणली, आणि त्या बदल्यात जाहिराती दिल्या. तीन दिवसांनी चॅन्सेलर सेबास्टियान कुर्त्स यांनी राजीनामा दिला. त्यांनी आणि इतरांनी आरोप साफ नाकारले. त्या काळात इथल्या प्रत्येक बातमीच्या शेवटी 'संबंधित सर्वांना निर्दोष धरण्यात येते' अशा अर्थाचं एक ठरावीक वाक्य असायचं. ते इतक्यांदा वाचलं की मॅन्युअलमधल्या 'वीजपुरवठा खंडित करा'सारखं डोळे त्यावरून आपोआप घसरायचे.

आता चांगल्या पेपरांकडे वळते.

'देअर श्टांडार्ड' साल्मन माशाच्या रंगाच्या कागदावर निघतो, कॅफेच्या टेबलावर लांबून ओळखू येतो. ऑस्कर ब्रोनर यांनी १९८८ मध्ये काढला. १९९५ मध्ये इंटरनेटवर गेलेला हा जर्मन भाषेतला पहिला दैनिक पेपर. आज त्याच्या साइटवरचं खरं आकर्षण म्हणजे बातम्यांखालच्या वाचकांच्या प्रतिक्रिया. पेन्शनच्या बातमीखाली दोन हजार जण भांडतात आणि मध्येच कुणीतरी व्हिएन्नाच्या बोलीत एक ओळ टाकून सगळ्यांना गार करतो. माझं बोलीभाषेतलं जर्मन मी तिथूनच शिकले. पेपरात पहिल्या पानावर एक छोटी चौकट असते, जेमतेम काही ओळींची. अग्रलेखापेक्षा ती जास्त लागते. शनिवारी 'आल्बुम' पुरवणी. राजकीय कल डावीकडे, थोडा शहरी, थोडा आपल्याच लोकांशी बोलणारा. डोंगरातल्या गावच्या दूध उत्पादकाची बाजू वाचायची असेल तर इथे फारशी मिळत नाही. चार तारे.

'दी प्रेसे' उजव्या बाजूचा, उद्योगधंद्यांची कदर करणारा, भाषा कडक इस्त्रीची. १८४८ च्या क्रांतीच्या वर्षी आउगुस्ट त्सांग यांनी तो काढला. हे गृहस्थ त्याआधी पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी चालवायचे आणि फ्रेंचांच्या पावावर आपली छाप सोडून परत आले होते. १८६४ मध्ये त्यातून फुटून 'नॉये फ्राये प्रेसे' निघाला. त्याचे पॅरिसमधले वार्ताहर आणि पुढे साहित्य-पानाचे संपादक म्हणजे थेओडोर हेर्त्सल, ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्रासाठीच्या झायोनिस्ट चळवळीचे जनक. आणि त्याच पेपरच्या भाषेवर, ढोंगावर, जाहिरातींवर तुटून पडायला कार्ल क्राउस यांनी १८९९ मध्ये 'दी फाकल' हे नियतकालिक काढलं, १९३६ पर्यंत चालवलं आणि त्यातली शेवटची कितीतरी वर्षं ते बहुतेक एकट्यानेच लिहिलं. पेपरवाल्यांवर टीका करायची परंपरा या शहरात पेपरांइतकीच जुनी आहे, त्यामुळे हा रिव्ह्यू लिहिताना मला संकोच वाटत नाही. आजच्या दी प्रेसेला साडेतीन. अर्थविषयक पानं आणि शनिवारची 'स्पेक्ट्रुम' पुरवणी यांच्यासाठी.

कुरीअर मला कधीच पकड घेत नाही. तो क्रोने वाचायची लाज वाटणाऱ्यांसाठी काढलेला आहे असं वाटत राहतं. पण त्याच्या खात्यावर एक मोठी गोष्ट जमा आहे. १९६४ मध्ये संपादक हुगो पोर्टिश यांनी, रेडिओ-टीव्ही पक्षांच्या तावडीतून सोडवा म्हणून नागरिकांच्या सह्यांची मोहीम उभी केली आणि ८,३२,३५३ सह्या मिळवल्या. त्यातून पुढे सरकारी प्रसारण संस्थेचा नवा कायदा झाला. आज त्याच संस्थेवर पेपरांचे मालक चिडून असतात, कारण तिची बातम्यांची साइट फुकट आहे. दर घरामागे महिन्याला १५.३० युरोची पट्टी घेते आणि वर फुकट बातम्या वाटते, ही त्यांची तक्रार. म्हणून २०२४ पासून त्या साइटला आठवड्याला ३५० मजकुरांची मर्यादा घातली गेली. बातम्यांचं रेशनिंग मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

एका पेपरचा रिव्ह्यू करता येणार नाही, कारण तो कागदावर राहिला नाही. 'वीनर त्साइटुंग', पहिला अंक ८ ऑगस्ट १७०३. जगातल्या सगळ्यात जुन्या दैनिकांत त्याची गणना व्हायची. नोव्हेंबर १९१८ मध्ये सम्राट कार्ल यांनी राज्यकारभारातून बाजूला होत असल्याची घोषणा केली, ती याच्याच जादा अंकात छापली गेली. मालक सरकार, आणि कंपन्यांना आपल्या कायदेशीर सूचना त्यात पैसे भरून छापणं बंधनकारक होतं. त्या पैशावर हा पेपर शांतपणे चांगली पत्रकारिता करायचा. ती सक्ती २०२३ मध्ये काढली गेली आणि उत्पन्नच आटलं. ३० जून २०२३ रोजी शेवटचा रोजचा छापील अंक निघाला. पहिल्या पानावर फोटो नव्हता, नुसता हिशेब होता: ३२० वर्षं, १२ राष्ट्राध्यक्ष, १० सम्राट, २ प्रजासत्ताकं, १ पेपर. ट्राफीकवाल्या बाईंनी माझ्यासाठी एक अंक काउंटरखाली ठेवला होता. नाव आता इंटरनेटवर चालू आहे. त्या पेपरइतकं संथ, कुणालाही खूश करायची घाई नसलेलं जर्मन मला अजून दुसरीकडे सापडलेलं नाही, आणि ज्या सरकारकडे जाहिरातींना २० कोटी असतात त्याला हा पेपर परवडू नये, याचा राग गेलेला नाही.

व्हिएन्नाबाहेर गेलात तर राजधानीचे पेपर विसरा. ग्राझ किंवा क्लागेनफुर्टमध्ये 'क्लाइने त्साइटुंग' घ्या, १९०४ पासूनचा, कॅथलिक मुळांच्या श्टिरिया समूहाचा. दी प्रेसेसुद्धा त्याच समूहाचा. आकार क्रोनेसारखा लहान, पण आत आरडाओरडा नाही. गावातल्या पुलाच्या दुरुस्तीची बातमी आणि ब्रुसेल्सचं विश्लेषण एकाच गांभीर्याने. साल्झबुर्ग, लिन्झ, इन्सब्रुक यांचे आपापले पेपर आहेत आणि तिथले लोक ते व्हिएन्नाच्या पेपरांपेक्षा जास्त मानतात. इन्सब्रुकच्या एका खानावळीत मी पाहिलं, पेपर हातात पडला की माणसं आधी मृत्यूच्या जाहिरातींचं पान काढतात. कोण गेलं ते कळलं की मग सरकारकडे बघायला वेळ असतो. क्लाइने त्साइटुंगला बिनधास्त चार तारे.

घरपोच वर्गणीबद्दल मात्र सावध करते. एका दैनिकाची, नाव घेत नाही, मी सवलतीची चाचणी-वर्गणी घेतली. आठवडाभर पेपर पहाटे पायपुसण्यावर. नंतर शनिवारचा जाड अंक हमखास गायब. चौकशी केली की "नोंद घेतली आहे." वर्गणी मुदतीत रद्द करायला विसरलं तर ती आपोआप पूर्ण वर्षाची होते, ही ओळ अर्जाच्या पाठीमागे इतक्या बारीक टायपात होती की मॅन्युअलवालीला, म्हणजे मलाही, चष्मा पुसावा लागला. अर्ज भरायच्या दिवशीच रद्द करायचं पत्र लिहून ठेवा.

शनिवारचा अंक न येण्याचा दोष मी वाटणाऱ्या माणसाला देत नाही. हे काम वर्षानुवर्षं बाहेरून आलेल्यांच्या वाट्याला आलेलं आहे. आता फारसे दिसत नाहीत, पण पूर्वी संध्याकाळी चौकाचौकांत आणि खानावळींत उद्याचा क्रोने नाहीतर कुरीअर विकणारे रंगीत जाकिटातले विक्रेते असायचे. इजिप्त, भारत, बांगलादेश, पाकिस्तान इथून आलेले. कागदोपत्री ते स्वतंत्र व्यावसायिक, म्हणजे आजारी पडले तर ती त्यांची जबाबदारी. परकीयांविरुद्धची पत्रं छापलेला पेपर बर्फात उभं राहून परकीयांनीच विकायचा, यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

आठवड्याला एकच काही विकत घ्यायचं तर 'फाल्टर' घ्या. १९७७ पासून निघणारं व्हिएन्नाचं साप्ताहिक. शोधपत्रकारिता, खरपूस भाषा, आणि जोडीला शहरात आठवडाभरात होणाऱ्या नाटकं-सिनेमा-मैफिलींची जाड पुरवणी. संस्थापकांपैकी आर्मिन थुर्नहेअर आपला लेख कुठल्याही विषयावर असला तरी शेवटी एकच वाक्य टाकायचे: मेडियाप्रिंट मोडून काढली पाहिजे. लेख वाइनवर असो की पोपवर. मेडियाप्रिंट मोडली नाही, वाक्य मात्र म्हणीसारखं झालं. साडेचार तारे. अर्धा कापला, कारण लेख कधीकधी इतके लांबतात की मेलांज दोनदा मागवावी लागते.

आणि सुपरमार्केटच्या दाराशी ओळखपत्र गळ्यात अडकवलेला माणूस 'आउगुस्टीन' घेऊन उभा दिसला तर त्याच्याकडून एक अंक घ्या. १९९५ पासून निघणारा हा रस्त्यावरचा पेपर बेघर आणि हलाखीत असलेले लोक विकतात आणि किमतीतला निम्मा वाटा विकणाऱ्याच्या खिशात जातो. पैसे देऊन अंक न घेता निघून जाणारे खूप असतात. तसं करू नका, अंक घ्या आणि वाचा. घरमालक, भाडी आणि समाजकल्याण कार्यालयांतल्या रांगा यांच्यावर त्यात जे छापून येतं, ते मोठ्या पेपरांत मला क्वचितच सापडतं. ओळखपत्र नसेल तर मात्र तो खरा विक्रेता नाही.